वाचकांचे प्रश्न : सामायिक सरोवराचे पाणी खोऱ्याबाहेर का जाऊ देऊ नये?

मागील अंकातील टिपणात आम्ही असे मत मांडले होते की, दोन देशांच्या सरहद्दीवर पसरलेल्या सरोवराचे पाणी त्याच्या खोऱ्याबाहेर वळवण्यास, मग ते प्रमाणाने कितीही थोडे असो, विरोध झाला पाहिजे. त्यावर पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. काहींनी सहमती कळवली, काहींनी मतभेद कळवले. मतभेदाची पत्रे अधिक विचार करायला लावणारी असल्यामुळे या वेळी प्रामुख्याने त्यांनाच उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई डेट्रॉइटजवळ राहतात. त्यांच्याकडे गेलो असता ह्यूरन सरोवर पाहिले. पलीकडचा किनारा दिसत नाही, इतके ते मोठे आहे. एवढ्या अफाट साठ्यातून तहानलेल्या प्रदेशाला थोडे पाणी दिले तर काय बिघडणार आहे? आपला विरोध मला अनुदार वाटला. (एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्याला जे दिसले ते खरे आहे. अमेरिका-कॅनडा सरहद्दीजवळची सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारिओ ही पाच सरोवरे मिळून जगातील भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा होतो. मात्र हा साठा मुख्यतः हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचा आहे, आणि पाऊस, नद्या व भूजल यांतून त्यात दरवर्षी नव्याने पडणारी भर एक टक्क्याहूनही कमी आहे. जी भर पडते तीही रिकामी राहत नाही. तिच्यातूनच नायगाऱ्यावर आणि सेंट लॉरेन्स नदीवर वीज तयार होते, जहाजे चालतात, किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा जगतात आणि उरलेले पाणी समुद्राला मिळते. तेव्हा किनाऱ्यावर उभे राहून जे अफाट दिसते त्यातले ‘जास्तीचे’ म्हणता येईल असे पाणी फार थोडे आहे.

‘थोडे पाणी’ या शब्दांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण १९९८ साली नेमका हाच युक्तिवाद केला गेला होता. त्या वर्षी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने एका खासगी कंपनीला सुपीरियर सरोवरातून दरवर्षी साठ कोटी लिटरपर्यंत पाणी टँकर जहाजांनी आशियात नेऊन विकण्याचा परवाना दिला. साठ कोटी लिटर ऐकायला मोठे वाटते, पण पुणे शहराला एका दिवसात जेवढे पाणी पुरवले जाते त्याच्या निम्मेसुद्धा ते होत नाही. वर्षभरात एवढे पाणी काढले असते तरी सुपीरियरच्या पातळीत कोणत्याही उपकरणाला फरक जाणवला नसता. तरीही दोन्ही देशांत इतका क्षोभ उसळला की परवाना मागे घ्यावा लागला, आणि आमच्या मते तो क्षोभ पूर्णपणे योग्य होता. पहिल्या कंपनीला परवाना दिल्यावर दुसरीला कोणत्या कारणाने नाकारणार? उत्तर अमेरिकेतील देशांमध्ये मुक्त व्यापाराचा करार १९९४ पासून अमलात होता. सरोवरातले पाणी एकदा बाटलीतल्या किंवा टाकीतल्या मालाप्रमाणे विकाऊ वस्तू ठरले, तर आपल्या देशातल्या कंपनीला जे दिले ते परदेशी कंपनीला नाकारता येणार नाही, ही भीती कायद्याच्या जाणकारांनी तेव्हाच बोलून दाखवली होती. पाण्याच्या बाबतीत पहिली परवानगी हाच निर्णय असतो, पुढच्या परवानग्या केवळ त्याची वहिवाट असतात.

वळवलेल्या पाण्यावर पुढे वस्ती वाढते, शेती उभी राहते, कारखाने येतात, आणि त्या लोकांचा काही दोष नसताना त्यांचे जगणे त्या पाण्याशी बांधले जाते. मिशिगन आणि ह्यूरन सरोवरांची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नोंदींच्या इतिहासातील नीचांकाला गेली होती आणि अवघ्या सात वर्षांनी, २०२० मध्ये, तिने अनेक महिन्यांचे उच्चांक मोडले. भरपुराच्या वर्षी ‘किनारे खचत आहेत, थोडे पाणी बाहेर सोडा’ असे म्हणणे सोपे आहे. पण तेव्हा बांधलेला कालवा नीचांकाच्या वर्षी बंद करण्याची हिंमत कोणते सरकार करील? उदारपणाचा आपला आग्रह आम्हाला समजतो. मात्र हे पाणी ज्यांच्या वाट्याचे आहे त्यांपैकी बरेच लोक दुसऱ्या देशात आहेत, मासे आणि पाणथळ जागा तर कोणत्याच सभागृहात नाहीत, आणि दुसऱ्याच्या वाट्यातून केलेल्या दानाला आम्ही उदारपणा म्हणू शकत नाही.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. मिशिगन सरोवर संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत आहे. मग शिकागोने त्यातून पाणी घेतले तर कॅनडाला बोलण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने पोहोचतो? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपला प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून उत्तरही थोडे तपशिलात देतो. अमेरिका आणि ब्रिटन (तेव्हा कॅनडाचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटनकडे होते) यांच्यात ११ जानेवारी १९०९ रोजी सीमावर्ती पाण्याचा करार झाला. त्या करारान्वये सीमेवरच्या पाण्याची दुसऱ्या बाजूची नैसर्गिक पातळी किंवा प्रवाह बदलेल असा कोणताही नवा वापर, अडथळा किंवा वळवणूक संयुक्त आयोगाच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. या आयोगात दोन्ही देशांचे प्रत्येकी तीन सदस्य असतात. लोकसंख्येत दोन देशांमध्ये एवढी तफावत असताना शंभर वर्षांपूर्वी समसमान मते मान्य झाली, ही गोष्ट आम्हाला आजही फार मोठी वाटते. पाण्याच्या वापराचा अग्रक्रमही करारातच लिहिलेला आहे : आधी घरगुती व आरोग्यविषयक गरजा, मग जलवाहतूक, आणि त्यानंतर वीज व सिंचन.

परंतु ‘सीमावर्ती पाणी’ या व्याख्येत मिशिगन सरोवर बसत नाही, आणि सीमेवरच्या सरोवरांना मिळणाऱ्या उपनद्यांवर ज्याचा त्याचा अधिकार करारानेच कायम ठेवला आहे. कराराची ही दुबळी बाजू आहे. निसर्गाच्या दृष्टीने मिशिगन आणि ह्यूरन हे मॅकिनॉ सामुद्रधुनीने जोडलेले एकच सरोवर आहे, दोघांची पातळी एकच असते. कागदावर मात्र एक सीमावर्ती आणि दुसरे अंतर्गत. शिकागोने १९०० साली नवा कालवा उघडून शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवला, कारण शहराचे सांडपाणी ज्या सरोवरात जात होते त्याच सरोवराचे पाणी शहर पीत होते. सांडपाणी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे गेले, आणि त्याबरोबर सरोवराचे पाणीही कायमचे गेले. खालच्या अंगाच्या मिसूरी राज्याने त्याविरुद्ध लावलेला दावा १९०६ मध्ये पुराव्याअभावी फेटाळला गेला. पुढे विस्कॉन्सिन, मिशिगन आदी शेजारी राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि दीर्घ लढ्यानंतर १९६७ च्या हुकुमाने शिकागोच्या उपशावर ३,२०० क्युसेकची (सेकंदाला तितके घनफूट) मर्यादा आली. आपल्यासारख्या जाणकाराला हा आकडा नजरेसमोर आणण्यासाठी सांगतो, की वर्षभर अखंड ३,२०० क्युसेक म्हणजे शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी होते, म्हणजे खडकवासला साखळीतील चारही धरणांच्या एकत्रित क्षमतेच्या जवळजवळ साडेतीनपट. त्यामुळे मिशिगन आणि ह्यूरन यांची पातळी सुमारे सहा सेंटिमीटरने खाली राहते. ह्यूरनच्या कॅनडाच्या बाजूलाही तेवढीच.

याची दुसरी बाजूही आहे. १९४० च्या दशकाच्या आगेमागे ऑन्टारिओने लाँग लॅक आणि ओगोकी येथील उत्तरवाहिनी पाणी विजेसाठी सुपीरियरकडे वळवले. ते शिकागो जेवढे नेते त्याहून अधिक आहे. त्यामुळे बेरीज-वजाबाकी करून ‘सरोवराचे नुकसान काहीच नाही’ असे म्हणणारे लोक आहेत. हडसन उपसागराकडे जाणाऱ्या ज्या नद्यांचे पाणी कमी झाले, त्या नद्यांच्या काठच्या लोकांना आणि जीवांना हा हिशोब मान्य होईल असे आम्हाला वाटत नाही.

शिकागोच्या कालव्याने आणखी एक दार उघडले, ज्याचा विचार १९०० साली कोणी केला नव्हता. हजारो वर्षे वेगळी असलेली दोन खोरी जोडली गेली. सरोवरात शिरलेले परदेशी झेब्रा शिंपले त्याच वाटेने मिसिसिपीत उतरले, आणि मिसिसिपीत वाढलेले आशियाई कार्प मासे त्याच वाटेने सरोवराकडे सरकू लागले. त्यांना अडवण्यासाठी कालव्यात विजेचे अडसर बसवावे लागले आहेत. पाण्याच्या घनफुटांचा हिशोब जमला तरी पाण्याबरोबर जे जाते-येते त्याचा जमत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. कॅनडाला मिशिगनबाबत १९०९ च्या कराराने नकाराधिकार मिळत नाही, पण डिसेंबर २००५ मध्ये आठ अमेरिकी राज्ये आणि ऑन्टारिओ व क्यूबेक हे दोन प्रांत यांनी केलेल्या व्यवस्थेने ही उणीव काहीशी भरून काढली. तीत व्याख्या खोऱ्याची केली आहे, सीमेची नाही. अमेरिकी राज्यांमधील करार संसदेच्या मान्यतेनंतर डिसेंबर २००८ पासून कायदा म्हणून लागू झाला. खोऱ्याबाहेर पाणी नेण्यास त्यात सर्वसाधारण बंदी आहे, अपवाद मोजके आहेत, आणि खोऱ्याच्या रेषेबाहेरच्या गावाने पाणी मागितले तर दोन्ही प्रांत छाननीत भाग घेतात, जरी अंतिम मत आठ गव्हर्नरांचेच असते. शिकागोचा उपसा मात्र या कायद्यातही जुन्या हुकुमाखाली तसाच राहिला. जुन्या वहिवाटीपुढे नवा कायदाही किती हतबल असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

प्रश्न : पिण्यासाठीसुद्धा पाणी देऊ नये का? माणसाच्या तहानेपुढे खोऱ्याची रेषा मोठी आहे का? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : तसे आमचे म्हणणे नाही, आणि कायदाही तसे म्हणत नाही. विस्कॉन्सिनमधील वॉकेशा हे गाव मिशिगन सरोवरापासून फार लांब नाही, पण खोऱ्याच्या रेषेच्या पलीकडे आहे. त्याच्या खोल विहिरींच्या पाण्यात रेडियमचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले. गावाने दररोज सरासरी १ कोटी १ लाख गॅलन पाणी मागितले होते. छाननीत पुरवठ्याचे क्षेत्र छाटले गेले, आणि जून २०१६ मध्ये ८२ लाख गॅलनांना, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लिटरांना, मान्यता मिळाली. आठ गव्हर्नरांपैकी एकानेही नकार दिला असता तरी अर्ज फेटाळला गेला असता. मुख्य अट अशी की वापरलेले पाणी शुद्ध करून रूट नदीवाटे पुन्हा सरोवरात पोहोचवायचे. ऑक्टोबर २०२३ पासून हा पुरवठा सुरू आहे. आमचा विरोध न परतणाऱ्या पाण्याला आहे, पिणाऱ्याला नाही. जिथे दुसरा पर्याय खरोखर नाही, मागणी काटेकोर तपासली गेली आहे आणि पाणी स्वच्छ होऊन परत येते, तिथे आम्ही मान्यतेच्या बाजूने आहोत.

प्रश्न : भूगोलाच्या वर्गात अरल समुद्राचा उल्लेख आला. तिथे जे घडले ते सरोवरातून पाणी काढल्यामुळे घडले का, आणि ते आता दुरुस्त होऊ शकते का? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : अरलमधून थेट पाणी फारसे काढलेच गेले नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याला पाणी देणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या १९६० च्या दशकापासून कापसाच्या शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर वळवल्या गेल्या. १९६० साली सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर पसरलेले, क्षेत्रफळाने जगात चौथे असलेले ते सरोवर १९८७ च्या सुमारास दोन भागांत तुटले आणि २०१४ मध्ये त्याचा दक्षिणेकडील पूर्व भाग पूर्ण कोरडा पडला. मुइनाक हे मासेमारीचे बंदर पाण्यापासून कित्येक किलोमीटर दूर राहिले. उघड्या पडलेल्या तळातील मीठ आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशके वाऱ्याबरोबर गावांवर उडू लागली. पाणी वळवले तेव्हा हा सारा प्रदेश एकाच सोव्हिएत संघात होता. १९९१ नंतर सरोवर कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्यात विभागले गेले, तर नद्यांचे वरचे अंग तिसऱ्याच देशांत गेले. एका देशाने केलेली चूक सुधारण्यासाठी आता अनेक देशांची संमती लागते.

काही अंशी दुरुस्ती झाली आहे. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ मध्ये कोक-अरल बंधारा पूर्ण केला. सिर दर्याचे पाणी उत्तरेच्या लहान भागात अडले, पातळी काही मीटरने वाढली, पाण्याचा खारेपणा उतरला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. त्यासाठी दक्षिणेचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. अरल वाचवण्यासाठी सैबेरियातील नद्या दक्षिणेकडे वळवण्याची योजनाही आखली गेली होती, ती १९८६ मध्ये रद्द झाली. आफ्रिकेत चाड सरोवर १९६० च्या दशकापासून दुष्काळ आणि सिंचनाच्या उपशामुळे कमालीचे आक्रसले, तिथेही काँगोच्या खोऱ्यातून पाणी आणण्याचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतो. एका खोऱ्याची तूट भरायला दुसऱ्या खोऱ्याकडे हात पसरायचा, ही वाट कुठे संपते ते आपल्या वर्गात जरूर चर्चेला घ्यावे.

प्रश्न : अमेरिकेतल्या सरोवरांची काळजी आपण करता. आमच्या मुळशीचे पाणी घाट उतरून कोकणात जाते आणि आम्ही कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत बसतो. त्याविषयी आपण का लिहीत नाही? (एक शेतकरी, दौंड तालुका)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तुलनाही योग्य आहे. मुळशी, ठोकरवाडी, शिरवटा, वळवण आणि लोणावळा या धरणांचे पाणी भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी उतरवले जाते. मुळशीचे पाणी भिरा येथे वीज करून कुंडलिकेला मिळते. कोयनेचे पाणीही असेच पश्चिमेला जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७० च्या दशकात या वळवणुकींना मर्यादा घातल्या : कोयनेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी, आणि भीमा खोऱ्यातील या धरणांसाठी कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसी व सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे शिकागोला जशी मर्यादा आहे तशी इथेही आहे, आणि शिकागोप्रमाणेच इथेही वळवणूक आधी झाली आणि मर्यादा अर्ध्या शतकाने आली.

मुळशी धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापट आणि मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. तो लढा जमिनीचा होता. खालच्या अंगाच्या इंदापूर, सोलापूरच्या पाण्याचे पुढे काय होईल, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. आज ते पाणी पूर्वेकडे परत फिरवावे अशी मागणी होते आणि दुष्काळी वर्षी आम्हाला तिचे मर्म कळते. पण आता घाटाखाली त्या पाण्यावर कारखाने, नळयोजना आणि गावे उभी आहेत. त्यांचे काय, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. म्हणूनच जिथे वळवणूक अजून झालेली नाही तिथे ती होण्याआधीच विरोध करावा, असे आम्ही इतक्या आग्रहाने लिहितो. आपल्याकडे भांडण एका देशातल्या राज्यांचे आहे, आंतरराज्य नदी पाणीतंट्यांच्या १९५६ च्या कायद्याखाली लवाद नेमता येतो आणि त्याचा निवाडा बंधनकारक असतो. दोन देशांच्या सरोवरावर असा लवाद लादता येत नाही. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९७ मध्ये संमत झाला आणि २०१४ मध्ये अमलात आला, पण मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला आणि अमेरिका व कॅनडा यांनीही त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तेव्हा दोन शेजाऱ्यांनी आपसांत जे लिहून ठेवले असेल तेवढाच आधार उरतो.

एक गोष्ट मात्र पुणेकरांनी ऐकली पाहिजे. पाणी खोऱ्यातच ठेवा असे म्हणणाऱ्यावर ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी येते. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरात शेतातील खतांमुळे वाढलेल्या विषारी शेवाळाने अमेरिकेतील टोलेडो शहर व परिसरातील सुमारे पाच लाख लोकांचे नळाचे पाणी दोन-तीन दिवस पिण्यायोग्य राहिले नाही. सरोवर काठोकाठ भरलेले होते. मुळा-मुठेतून उजनीकडे आपण जे पाठवतो ते पाहता, पुण्याला या बाबतीत टोलेडोकडे बोट दाखवता येणार नाही.

प्रश्न : बाटलीबंद पाण्याला ही बंदी लागू आहे का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : पूर्णपणे नाही. सुमारे वीस लिटरपर्यंतच्या भांड्यात भरून खोऱ्याबाहेर नेलेले पाणी कायद्याच्या दृष्टीने ‘वळवणूक’ ठरत नाही, त्याचे नियमन ज्या त्या राज्यावर सोडलेले आहे. टँकरने नेले तर बंदी आणि तेच पाणी लाखो बाटल्यांत भरून नेले तर परवानगी, हा भेद आम्हाला टिकण्यासारखा वाटत नाही. तो कायद्यातून काढला पाहिजे.

प्रश्न : माझे बंधू मिशिगन राज्यात स्थायिक आहेत आणि त्यांना यात काही करायची इच्छा आहे. सामान्य नागरिकाला कुठे बोलता येते? (एक वाचिका, औंध)

उत्तर : खोऱ्याबाहेर पाणी नेण्याचा अर्ज आला की त्यावर जाहीर सुनावणी होते आणि लेखी हरकती मागवल्या जातात. वॉकेशाच्या वेळी हजारो हरकती आल्या आणि मागणीचे क्षेत्र कमी होण्यात त्यांचा वाटा होता असे आम्ही मानतो. दोन देशांचा संयुक्त आयोगही सरोवरांच्या स्थितीविषयी नागरिकांची मते मागवतो, आणि तिथे कॅनडातील रहिवाशालाही तेवढाच अधिकार आहे. आपल्या बंधूंनी आपल्या राज्याच्या गव्हर्नरांच्या कार्यालयाकडेही लिहावे, कारण त्या आठांपैकी एक मत त्यांच्या राज्याचे आहे. हरकतीत पाणी किती जाणार यापेक्षा ते परत कसे, कुठे आणि किती शुद्ध होऊन येणार, हा प्रश्न आधी विचारावा.